एका दाताचा फरक

स्टिअरिंग काढण्याआधी गाडी सरळ उभी करावी लागते. मिस्त्रींनी मला गाडीत बसवलं आणि स्वतः माझ्याकडे तोंड करून, उलटी पावलं टाकत मागे सरकू लागले. हातानं खुणावत त्यांनी गाडी दहा-बारा फूट पुढे घ्यायला लावली. "आनि जरा… आनि… बास." मग ते गुडघ्यावर बसले, एक डोळा मिटून पुढच्या दोन्ही चाकांकडे पाहिलं. "आता चाकं सरळ हायती. स्टिअरिंगला हात लावू नका." मी हात मांडीवर ठेवले. माझ्यापुढचं स्टिअरिंग डावीकडे कललेलं होतं. डावा आरा थोडा खाली, उजवा तेवढाच वर. मला त्यात काही विशेष वाटलं नाही, कारण ते असंच असायचं. मिस्त्री खिडकीशी आले, आत वाकले आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

गाडी प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली. मूळची ती इटलीची फियाट 1100. पद्मिनी हे नाव तिला 1974 मध्ये मिळालं, चितोडच्या राणीवरून. आमच्या घरात मात्र शेवटपर्यंत सगळे तिला फियाटच म्हणत. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, ती दुसऱ्या हातून घेतली तेव्हा मी पाचवीत होतो. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून कायमच्या उतरल्या, ती बातमी आईनं मला मोठ्यानं वाचून दाखवली होती. वाचून झाल्यावर चष्मा काढून ती म्हणाली, "आपली आहे अजून." जणू गावातल्या एखाद्या वाड्याविषयी बोलत होती.

तर त्या गाडीचं स्टिअरिंग तडकलं होतं. जुन्या स्टिअरिंगांचा हा ठरलेला आजार. आत लोखंडी कडं, त्यावर कडक प्लास्टिकचं आवरण. ऊन लागलं की लोखंड एका मापानं फुगतं, प्लास्टिक दुसऱ्या. चाळीस उन्हाळ्यांत दोघांचं जमेनासं होतं आणि आरे कड्याला मिळतात तिथे पहिली भेग पडते. भेगेतून पावसाळी हवा आत जाते, लोखंड गंजतं, गंज फुगतो आणि भेग आणखी उघडते. अण्णांनी दोन ठिकाणी काळी टेप गुंडाळली होती. उन्हात तिचा चिकटपणा सुटून बाहेर यायचा. त्यांच्या उजव्या तळव्यावर अंगठ्याच्या मुळाशी कायम एक काळसर डाग असे, आणि जेवायला बसण्याआधी तो रॉकेलच्या बोळ्यानं पुसणं हा त्यांच्या संध्याकाळचा भाग होता. ते गेल्यावर चार वर्षांनी, मागच्या पावसाळ्यात, वळण घेताना प्लास्टिकचा एक तुकडा माझ्या हातात आला. गाडी वळली, काही झालं नाही. पण हातात आलेला तो बोटभर लांबीचा काळा तुकडा मी बराच वेळ खाली ठेवू शकलो नाही. हाताच्या घामानं आणि वर्षांनी त्याची बाहेरची बाजू पाटीवरच्या पेन्सिलीसारखी गुळगुळीत झाली होती.

तसंच स्टिअरिंग मिळवायचा प्रयत्न केला. मुंबईत ऑपेरा हाउसला विचारलं, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या सुट्या भागांच्या दुकानांतून फिरलो. पद्मिनीची दारं होती, जाळ्या होत्या, एका दुकानाच्या माळ्यावर दिव्यांच्या खोबणींची रांग होती. स्टिअरिंगं होती ती सगळी तडकलेली. सगळ्यांना भेग त्याच जागी. शेवटी मी लाकडी कड्याचं, तीन आऱ्यांचं एक स्टिअरिंग घेतलं, 380 मिलिमीटर व्यासाचं. जुन्यापेक्षा बोटभर लहान. एका दुकानदाराकडे पद्मिनीच्या दांड्यावर बसणारा बॉसही मिळाला. बॉस म्हणजे मधला दुवा. बाजारातलं स्टिअरिंग कोणत्याही एका गाडीसाठी बनलेलं नसतं. त्याच्या मध्यभागी फक्त सहा भोकं असतात. गाडीच्या दांड्याचे दात ज्याला कळतात आणि ही सहा भोकंही ज्याला कळतात, असा दुभाषी मध्ये लागतो, तो बॉस.

घरी येऊन एकावर एक ठेवून पाहिलं तर भोकं जुळेनात. बॉसची सहा भोकं 70 मिलिमीटरच्या वर्तुळावर होती आणि स्टिअरिंगची 74 च्या. इटलीतल्या दोन जुन्या घराण्यांची ही दोन मापं, मोमोचं 70 आणि नार्डीचं 74. जगभरातले बनवणारे यातलं एखादं माप उचलतात. फरक चार मिलिमीटरचा, म्हणजे मध्यापासून दोनच. पण सहाही बोल्ट दोन मिलिमीटरनं चुकत होते. एखादा चुकला असता तर कुणी जबरदस्ती केली असती. सहाही चुकले की ती सोय उरत नाही.

म्हणून उद्यमनगरात गेलो. आमच्या कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगराला वेगळी पाटी लागत नाही. गल्लीत शिरताना कान सांगतो. लेथची घरघर, ग्राइंडरची किंकाळी, मध्येच कुठेतरी लोखंडावर लोखंड. ऊस आणि गूळ या दोन गोष्टींनी या शहराला ऑइल इंजिनं बनवायला लावली आणि ऑइल इंजिनांनी घराघरात लेथ आणला. मी ज्यांच्याकडे गेलो ते काका दुकानाच्या दारातच बसून चहा पीत होते. बॉस आणि स्टिअरिंग दोन्ही त्यांनी मांडीवर घेतलं, व्हर्नियर लावला, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "भोकं मोठी करून चालायचं न्हाई. आनि वेल्डिंगचं तर नावच काढू नका. स्टिअरिंगला वेल्डिंग म्हंजे जिवाशी खेळ." मग मधे घालायला अ‍ॅल्युमिनियमची एक जाड चकती करायचं ठरलं. तिला दोन्ही वर्तुळांची भोकं हवीत. पण 70 आणि 74 ची भोकं एका रेषेत घेतली तर ती एकमेकांत मिसळून जातात, म्हणून नवी भोकं जुन्या दोन भोकांच्या बरोबर मधोमध पाडायची. काकांनी चकती चकात धरली, टूल टेकवलं, आणि चकचकीत कुरळी सालपटं त्यांच्या चपलांवर पडू लागली. बॉस थोडा लांब होता, तोही त्यांनी मागून घासून कमी केला. "न्हाईतर स्टिअरिंग छातीला येईल," ते म्हणाले, "आनि गिअरचा दांडा लांब ऱ्हाईल." पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावरच असतो हे त्यांना सांगावं लागलं नाही. ज्या माणसाला मी तासभरापूर्वी भेटलो होतो, त्यानं माझी बोटं कुठपर्यंत पोचतील याचा हिशेब केला होता.

मिस्त्रींनी आधी बॅटरीची तार काढली. मग हॉर्नचं बटण नखानं उचकटलं. आत एक स्प्रिंग, एक पितळी पट्टी आणि एकच बारीक तार. लहानपणी मला वाटायचं, हॉर्न दाबला की आपण विजेला कुठेतरी ढकलतो. तसं नसतं. वीज हॉर्नपाशी आधीच येऊन थांबलेली असते; आपण बटण दाबून तिला फक्त जमिनीकडची वाट मोकळी करून देतो. स्प्रिंगेखाली तो नट होता, सगळ्याच्या मुळाशी. इतकी वर्षं घाटातून, पावसातून, लग्नाच्या वऱ्हाडांतून या एका नटानं आम्हाला सांभाळलं, आणि मी त्याला प्रथमच पाहत होतो.

नट सुटला, पण स्टिअरिंग हलेना. दांड्याला बारीक उभे दात असतात, तसेच दात स्टिअरिंगच्या तुंब्याला आतून. एकदा ते एकमेकांत बसले आणि वर चाळीस वर्षांचा गंज बसला की दोघं एकजीव होतात. मिस्त्रींनी रॉकेल सोडलं आणि म्हणाले, "आज ऱ्हाऊ दे. रात्रभर पिऊ दे त्याला." दुसऱ्या दिवशी पुलर लावला. त्याआधी नट पुन्हा दोन-तीन आटे चढवून ठेवला. मी कारण विचारलं. "सुटलं की एकदम सुटतंय. नट न्हाई ठिवला तर थेट तोंडावर येतंय." आणि तसंच झालं, मोठा कट्‌ असा आवाज झाला आणि स्टिअरिंग नटाला येऊन अडकलं. पण पुलर लावण्याच्याही आधी त्यांनी सेंटर पंच घेतला होता, आणि हातोडीच्या एकेका हलक्या टोल्यानं दोन ठिपके पाडले होते. एक दांड्याच्या तोंडावर, एक त्याच्या समोर तुंब्यावर. "काढायच्या आधी खूण," ते म्हणाले. "काढल्यावर सरळ कुटलं, ते कुनालाच ठाव नसतंय."

हे वाक्य माझ्याबरोबर घरी आलं. गोल वस्तूला वर-खाली नसतं. कुठूनही धरा, सारखीच. तिचं सरळ ठरतं ते खाली रस्त्यावर टेकलेल्या चाकांशी असलेल्या नात्यानं, आणि ते नातं सुटायच्या आधीच कुठेतरी नोंदवून ठेवावं लागतं.

आजोबांकडे बैलगाडी होती. तिच्या चाकाला तुंबा, आरे, धाव सगळं होतं, पण दिशा चाकानं ठरत नव्हती, कासऱ्यानं ठरत होती. कासरा सैल धरला तरी बैल घरची वाट चुकत नसत. आजोबा झोपलेले आणि गाडी दारात, हे गावानं अनेकदा पाहिलेलं. मोटारीच्या सुरुवातीलाही स्टिअरिंग गोल नव्हतं. कार्ल बेंझच्या 1886 च्या तीनचाकीला हातात धरायचा एक दांडा होता. 1894 मध्ये पॅरिस ते रुआँ अशी मोटारींची शर्यत झाली, तिच्यात आल्फ्रेड वाशरों नावाच्या गृहस्थानं आपल्या पानार गाडीला दांड्याऐवजी गोल चाक लावलं होतं. गाड्यांचा वेग वाढला आणि दांडा पुरेनासा झाला. वेगात दांड्याची छोटी चूक मोठी होते. गोल चाक मात्र हाताची मोठी हालचाल लहान करून खाली पोचवतं. माणसाच्या धांदरटपणाला त्यानं थोडी जागा करून दिली. होडीचं सुकाणू धरणारा तांडेल आणि कासरा धरणारे आजोबा यांना हे वेगळं समजवावं लागलं नसतं. दिशा ही गोष्ट थोडी थोडीच द्यायची असते.

आणि हे चाक फक्त दिशा देत नाही, घेतंही. पद्मिनीला पॉवर स्टिअरिंग नाही. रस्त्यावरचा खडा चाकाखाली आला की तो दांड्यातून वर चढून तळव्याला सांगून जातो. आंबा घाटात पाऊस पडून गेल्यावर डांबर कुठे निसरडं आहे हे अण्णांना डोळ्यांआधी हातांनी कळायचं. "हलकं झालं बघ," ते म्हणायचे. हलकं झालं म्हणजे चाकाची पकड सुटू लागली. मला ते हलकेपण कळायला कित्येक पावसाळे गेले.

मिस्त्री नव्या गाड्यांच्या स्टिअरिंगला हात लावत नाहीत. कुणी हौसेनं बदलायला आलं तर परत पाठवतात. नव्या गाडीच्या स्टिअरिंगच्या पोटात एअरबॅग असते. आपल्याकडे जुलै 2019 पासून ती चालकासाठी सक्तीची झाली आहे. धडकेनंतर पापणी लवायच्या आत फुगणारी ती पिशवी काढून तिथे देखणं लाकूड बसवणं म्हणजे कोणत्या गोष्टीच्या बदल्यात कोणती गोष्ट घेणं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. माझ्या स्टिअरिंगच्या मध्यभागी पिशवी नव्हती, नुसता नट होता. म्हणून बदलता आलं. पण याचाच दुसरा अर्थ असा की त्या नटामागचा दांडा सरळ, कडक, छातीवर रोखलेला आहे. जुन्या गाडीवर प्रेम करताना ही गोष्ट विसरून चालत नाही. मी सावकाश चालवतो ते नुसत्या मायेपोटी नव्हे.

स्टिअरिंग काढून झाल्यावर दांडा तेवढा उरला होता, दातांचा, टोकाला ठिपका असलेला. मिस्त्रींनी तो पितळी ब्रशनं साफ केला, मग स्टिअरिंग पुन्हा त्यावर नुसतं टेकवून या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवून किती वेढे होतात ते मोजलं आणि निम्म्यावर थांबले. स्टिअरिंग बॉक्सचा मध्य तोच होता; चाकं सरळ, बॉक्स सरळ. मग ते म्हणाले, "गाडीत काय दोष न्हाई. कवातरी कुनीतरी ह्ये काढून बसवताना एक दात चुकलाय. एका दाताचा फरक हाय बघा." आणि थोडं थांबून, अवघडून: "नवं बसवताना सरळ करू का अण्णांचंच ठिवू?"

मी लगेच काही बोललो नाही.

मला आठवतं ते असं. मेरी वेदर मैदानावर सकाळी सहाला अण्णांनी मला पहिल्यांदा चालकाच्या जागेवर बसवलं. मैदानात कुणी नव्हतं, गवतावर दव होतं. त्यांनी माझे हात धरून स्टिअरिंगवर ठेवले, डावा थोडा खाली, उजवा थोडा वर, आणि म्हणाले, "हे सरळ." मी ते शिकलो. नंतर दुसऱ्या गाड्या चालवल्या तेव्हा त्यांची स्टिअरिंगं मला उजवीकडे वळलेली वाटत. कधीतरी एकदा मी अण्णांना म्हटलं होतं, हे नीट करून घेऊ या का? ते म्हणाले, "गाडी सरळ जाते ना?" जात होती. त्यांच्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी अशा होत्या. निवृत्त होईपर्यंत एका कलत्या टेबलावर त्यांनी कारकुनी केली. पायाखाली घडी घातलेला कागद सरकवून. भावाशी मोडलेलं बोलणं सणाला चार शब्दांपुरतं जोडून ठेवलं. कुठेतरी एक दात चुकलेला असायचा, आणि तेवढा ते हातानं सांभाळून घ्यायचे. सगळं पुन्हा उघडून बसवायचं त्यांना वेड नव्हतं. हा त्यांचा आळस होता की शहाणपण, याचा मी अनेक वर्षं निवाडा करत आलो. त्या सकाळी उघड्या दांड्यासमोर प्रथमच वाटलं की निवाडा करायची गरज नाही. त्यांचे हात कसे होते ते मला कळलं, एवढं पुरे.

"सरळ करा," मी म्हटलं.

बॉस दांड्यावर बसला, चकती बसली, लाकडी कडं बसलं. सहा अ‍ॅलन बोल्ट मिस्त्रींनी समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे करत आवळले, एकदाच कुणालाही पुरतं आवळलं नाही. मधला नट मात्र दोन्ही हातांनी, पाय रोवून. हॉर्नची तार नव्या बटणाला गेली. बॅटरी जोडली, त्यांनी हॉर्न दाबला, आणि तोच जुना, किंचित सर्दी झालेला आवाज आला. मला इतका आनंद झाला की मी पुन्हा एकदा दाबला.

दुपारी पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो. शिवाजी पूल ओलांडला तेव्हा खाली पंचगंगा संथ होती. हंगाम सुरू झालेला; उसाच्या ट्रॉल्या, आणि कुठून तरी उकळत्या काकवीचा वास. लाकूड हाताला गार लागत होतं. काहीसं परकंही; त्यावर अजून कुणाच्या घामाची ओळख नव्हती. गिअर बदलायला हात सवयीनं गेला आणि दांडा जिथे हवा तिथेच सापडला. काकांचा अर्धा इंच.

केर्लीच्या आसपास रस्ता बराच सरळ जातो. तिथे माझ्या लक्षात आलं की गाडी डावीकडे सरकते आहे, उसाच्या बाजूला. मी सावरली. पुन्हा सरकली. गाडीत काही दोष नव्हता. माझे हात तिला डावीकडे नेत होते. डावा खाली, उजवा वर. "हे सरळ." तीस वर्षांची ती पकड नव्या स्टिअरिंगवर जुनी जागा शोधत होती, आणि गाडी आता शब्दाला शब्द ऐकत होती. मी हात समपातळीत आणले. मनात काही वेगळं आलं की ते पुन्हा कलायचे.

वाघबीळच्या पुढे घाट सुरू झाला आणि ही अडचण अचानक संपली. वळणावर सरळ कुठलं ते विचारायला वेळच नसतो. रस्ता सांगेल तेवढं वळायचं, रस्ता सोडेल तेव्हा सोडायचं. एकामागून एक वळणं मी घेत गेलो, आणि एकाही वळणावर माझे हात चुकले नाहीत. अण्णांनी शिकवलेलं सगळं वळणांत जसंच्या तसं शाबूत होतं. फक्त सरळ रस्त्यावर ते एका दातानं चुकत होतं.

संध्याकाळी आईला चक्कर मारून आणली. तिनं गाडी कधी चालवली नाही, पण डाव्या बाजूच्या त्या सीटवर तिचं निम्मं आयुष्य गेलं. तिनं लाकडी कड्यावरून बोट फिरवलं, चांगलं आहे म्हणाली. मग बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "हे चालवताना त्यांचा उजवा खांदा जरा वर असायचा. मला वाटायचं, दुखतो की काय."

जुनं स्टिअरिंग मी गॅरेजच्या भिंतीवर एका खिळ्याला अडकवलं आहे. मधल्या भोकातून खिळा गेला आहे, त्यामुळे ते मोकळं फिरतं. सायकल काढताना धक्का लागला तरी फिरतं. तुंब्यावरचा मिस्त्रींचा ठिपका नीट पाहिला तर दिसतो. त्याच्या समोरचा दुसरा ठिपका गाडीत आहे, नव्या बटणाखाली. धक्का लागून ते कसंही थांबलं असलं की मी जाता जाता त्याला हात लावतो आणि डावा आरा थोडा खाली आणून ठेवतो.